गाडी थांबली तर टाळ्या वाजवा



मी बडोद्याची. बँकेत नोकरी करते. दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजते आणि सुट्टी मिळाली की रोलर कोस्टरमध्ये बसायला जाते. वय सत्तेचाळीस. हे ऑफिसमध्ये सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग हमखास एकच प्रश्न विचारतात, "सगळ्यात उंच कुठली?"

आम्ही शौकीन मंडळी एकमेकांना हा प्रश्न फारसा विचारत नाही. का, ते सांगते. पण त्याआधी माझी एक चूक सांगते, कारण या शौकाची सुरुवात तिथूनच झाली.

२०१४ चा मे महिना. माझा भाचा तेव्हा अकरा वर्षांचा होता. त्याला घेऊन मी एका पार्कमध्ये गेले होते. नाव सांगत नाही, कारण चूक पार्कची नव्हती. दीड तास रांगेत उभं राहून आम्ही गाडीत बसलो. मांडीवरचा बार खाली आला, गाडी निघाली, चढ सुरू झाला. कट्, कट्, कट्, कट्. आणि वर पोचायला थोडंसं उरलेलं असताना गाडी थांबली.

आवाज बंद. दुपारचे दोन वाजलेले, डोक्यावर ऊन, लोखंड तापलेलं. भाच्याने माझा हात धरला आणि विचारलं, "मावशी, आपण मागे जाणार का?" मला उत्तर माहीत नव्हतं. ज्याला उत्तर माहीत नसतं तो आवाज चढवतो. मी ओरडायला लागले. मग सगळेच ओरडायला लागले.

रुळाच्या बाजूच्या अरुंद जिन्याने एक मुलगा वर आला. असेल बावीस-तेवीसचा. घामाने शर्ट भिजलेला. तो दोन ओळी पुढे बसलेल्या एका बाईंपाशी थांबला. त्यांची ओढणी सुटून डब्याच्या बाहेर लोंबत होती. त्याने ती काढून घेतली, घडी करून स्वतःच्या खिशात कोंबली. मग एकेकाचा बार हाताने ओढून पाहिला आणि खाली इशारा केला. गाडी पुन्हा सुरू व्हायला वीस मिनिटं लागली. मी त्याला म्हटलं, "एवढ्यासाठी थांबवलंत?" तो म्हणाला, "थांबली हे चांगलंच झालं ना, मॅडम."

मला ते उद्धटपणाचं वाटलं. खाली उतरल्यावर मी ऑफिसात गेले, तक्रारवही मागितली आणि अर्धं पान लिहिलं. एका ओढणीसाठी वीस माणसांना उन्हात लटकवून ठेवलं, लहान मुलं घाबरली, संबंधित कर्मचाऱ्यावर कारवाई व्हावी. खाली सही केली. बँकेतली माणसं तक्रार छान लिहितात.

ती वही मनात घेऊन पुढचं ऐका.

भाच्याला त्या दिवशी भीती बसायला हवी होती. झालं उलटंच. त्याला या यंत्राचं वेड लागलं. तो घरी बसून जगभरातल्या राईड्सचे व्हिडिओ बघायचा आणि मला शिकवायचा. चढताना येणारा तो कट्-कट् आवाज कसला असतो? गाडीच्या खाली एक खिट्टी असते, ती रुळावरच्या दात्यांवरून घसरत जाते. साखळी तुटली तरी ती खिट्टी दात्यात अडकते आणि गाडी मागे येत नाही. म्हणजे माझ्या भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या खालीच वाजत होतं.

गाडी रुळावरून उडून का जात नाही? कारण चाकं फक्त वर नसतात. एक जोडी रुळाच्या वर, एक बाजूला आणि एक रुळाच्या खाली. ही खालची चाकं जॉन मिलर नावाच्या अमेरिकन माणसाने आणली, त्याचं पेटंट १९१९ चं आहे. गाडीने रूळ असा तिन्ही बाजूंनी पकडल्यावर डिझायनर मोकळे झाले. उतार तीव्र करता आले, टेकाडांवर गाडी वेगाने सोडता आली. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरची सायक्लोन ही लाकडी राईड १९२७ ची आहे आणि आजही चालते.

हे सगळं समजायला लागल्यावर माझ्या लक्षात आलं की जगात अशी हजारो माणसं आहेत. अमेरिकेत तर १९७८ पासून त्यांची संघटना आहे. ही माणसं आपण किती वेगवेगळ्या राईड्समध्ये बसलो ते मोजतात, त्याला 'क्रेडिट' म्हणतात. आणि त्यांची मतं! आपल्याकडे आमरसात वेलची घालावी की नाही यावर जशी भांडणं होतात, तशी हे लोक पुढची ओळ चांगली की मागची यावर भांडतात.

माझं मत मागच्या ओळीला. कारण सोपं आहे. तुम्ही एसटीच्या शेवटच्या सीटवर बसला आहात का? स्पीडब्रेकर आला की पुढचे लोक नुसते हलतात आणि शेवटचे उडतात. रोलर कोस्टरमध्ये कारण वेगळं असतं, पण अनुभव तोच. पुढचे डबे उताराला लागलेले असतात आणि ते मागच्या डब्याला टेकाडावरून खेचून नेतात. म्हणून शेवटची ओळ माथ्यावरून जास्त वेगात जाते आणि तुम्ही सीटवरून उचलले जाता. पुढची ओळ माथ्यावर जरा रेंगाळते, समोर मोकळं आकाश दिसतं. ज्याला बघायचं आहे त्याने पुढे बसावं, ज्याला उडायचं आहे त्याने मागे.

या उचललं जाण्याला शौकीन 'एअरटाइम' म्हणतात. आपल्याकडे त्याला शब्द आधीपासून आहे, पोटात गोळा येणं. जत्रेतला पाळणा वरून खाली येताना यायचा तोच हा गोळा. आणि राईडची परीक्षा शौकीन बहुतेक वेळा याच गोळ्यावर करतात, उंचीवर नाही.

दोन उदाहरणं देते. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये किंगडा का नावाची राईड होती. २००५ मध्ये सुरू झाली तेव्हा जगातली सगळ्यात उंच, १३९ मीटर. सुटल्यासुटल्या ताशी दोनशे किलोमीटरच्या वर वेग. पण सगळं मिळून अर्धं मिनिटसुद्धा नाही. एक चढ, एक उतार, संपलं. आणि दुसरी, पेन्सिल्व्हेनियातली फिनिक्स. लाकडी, १९४७ ची, उंची जेमतेम ७८ फूट. मूळची टेक्सासची. तिथून उचलून कनोबेल्स नावाच्या पार्कमध्ये आणली आणि १९८५ मध्ये पुन्हा सुरू केली. त्या पार्कमध्ये शिरायला तिकीटही नाही. आणि गोल्डन तिकीट या पुरस्कारात २०१८ साली सर्वोत्तम लाकडी राईड कुठली ठरली? ही म्हातारी फिनिक्स. तिच्या एकेका टेकाडावर माणूस उचलला जातो म्हणून. किंगडा का २०२५ मध्ये पाडून टाकली. फिनिक्सची टेकाडं मी अजून फक्त व्हिडिओतच पाहिली आहेत. तिथे जाण्यासाठी मी एक रिकरिंग खातं उघडलंय, आमच्याच बँकेत.

पण किंगडा काची एक गोष्ट मला फार आवडते. कधीकधी गाडीला जोर कमी पडायचा. ती माथ्याजवळ जायची आणि पलीकडे न उतरता उलटी खाली यायची. बातमीत आपण याला बिघाड म्हणू. पण शौकीन लोक आपल्या वाट्याला असं कधी येईल याची वाट बघायचे! कारण बनवणाऱ्यांनी हे आधीच धरलं होतं. गाडी सुटली की रुळावरचे ब्रेक पुन्हा वर यायचे आणि परत येणाऱ्या गाडीला अलगद थांबवायचे. काय चुकू शकतं याचा विचार कुणीतरी आधी करून ठेवला आहे, यावर त्या लोकांचा विश्वास होता. म्हणून ते त्या भीतीची मजा घेऊ शकत होते.

आता २ जून २०१५. मी तक्रार लिहिली त्याला वर्ष झालं होतं. इंग्लंडच्या ऑल्टन टॉवर्स पार्कमध्ये स्माइलर नावाची राईड आहे, चौदा वेळा उलटं करणारी. अशा राईडवर एका वेळी अनेक गाड्या धावतात. त्या एकमेकींवर आदळू नयेत म्हणून रुळाचे भाग पाडलेले असतात, रेल्वेच्या सिग्नलसारखे. पुढच्या भागात गाडी असेल तर मागच्या गाडीला कॉम्प्युटर थांबवतो. त्या दिवशी एक रिकामी गाडी चाचणीसाठी सोडली होती. ती मध्येच अडकली. मागून सोळा माणसांची गाडी आली. कॉम्प्युटरने ती थांबवली. बरोबर थांबवली. पण कर्मचाऱ्यांना पुढे अडकलेली गाडी आहे हे कळलं नव्हतं. त्यांना वाटलं कॉम्प्युटर चुकतोय. त्यांनी तो थांबा बाजूला सारून गाडी पुढे सोडली.

टक्कर झाली. पाच जण गंभीर जखमी झाले. दोन तरुण मुलींचा एकेक पाय कापावा लागला. पुढे सरकारी चौकशी झाली. रुळात, डब्यात, नियंत्रण यंत्रणेत दोष नव्हता. दोष होता कामाच्या पद्धतीत. अशा वेळी काय करायचं हे कंपनीने नीट घालून दिलेलं नव्हतं. कंपनीला ५० लाख पौंडांचा दंड झाला.

ही बातमी मी रात्री जेवताना वाचली आणि मला ते वाक्य आठवलं. "थांबली हे चांगलंच झालं ना, मॅडम."

ती ओढणी चाकात गेली असती तर काय झालं असतं, याचा विचार मी त्या रात्री पहिल्यांदा केला. त्या मुलाने तो खालून पाहून केला होता, काही सेकंदांत. आणि मी त्याच्यावर कारवाई मागितली होती.

पुढच्या सुट्टीत मी त्या पार्कमध्ये गेले. तो तिथे नव्हता. मला त्याचं नावही माहीत नव्हतं. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, इथे मुलं येतात-जातात. माझ्या तक्रारीमुळे गेला की स्वतःहून, ते मला कधीच कळलं नाही. मी वही मागून घेतली आणि तो थांबा बरोबर होता असं लिहिलं. पण वर्षभर उशिरा.

२०१९ मध्ये अहमदाबादला कांकरियाला, आमच्या घरापासून दोन तासांवर, झोके घेणारी राईड चालू असताना मोडून खाली पडली. दोघांचा जीव गेला, कितीतरी जण जखमी झाले. त्यानंतर आमच्याकडे सगळे म्हणायला लागले, आता तरी सोड हे वेड. मी म्हटलं, वेड सोडणार नाही, डोळे उघडे ठेवून करणार.

म्हणून आता मी कुठल्याही पार्कमध्ये गेले की आधी दहा मिनिटं नुसती उभी राहते. बार तपासणारा माणूस प्रत्येक बार हाताने दाबून बघतो, की नुसता ओळीवरून नजर फिरवतो? दोन्ही बाजूंनी इशारा आल्याशिवाय गाडी सुटते का? उंचीच्या पट्टीला मूल दोन बोटं कमी पडलं तर तो ठामपणे नाही म्हणतो का? आपण काय करतो? मुलाला टाचा उंच करायला सांगतो. "अहो, घाबरत नाही तो," म्हणतो. ती पट्टी धीटपणा मोजत नाही. तो बार त्या शरीराला नीट बसेल का, ते मोजते. जो माणूस माझ्या शेजारच्या मुलाला नाही म्हणतो, त्याच्या राईडमध्ये मी डोळे मिटून बसते. जिथे हे सगळं ढिलं दिसतं तिथून मी तिकिटाचे पैसे सोडून परत आले आहे. दोनदा.

यंत्राची आतली तपासणी तुम्हाला-मला दिसत नाही. ती पार्कने आणि सरकारने करायची, आणि त्याचा जाब आपण विचारायलाच हवा. पण एक गोष्ट पूर्णपणे आपल्या हातात आहे. बटन दाबायच्या आधी त्या मुलाच्या मनात काय येतं? खाली दीड तासाची रांग आहे. वर माझ्यासारखी कुणी बाई तक्रारवही मागणार आहे. तो दबाव आपण घालतो. आणि तो दबाव असताना "जाऊ दे, काही होत नाही" म्हणणं फार सोपं असतं.

भाचा आता इंजिनिअरिंगला आहे. मागच्या दिवाळीत आम्ही दोघं एका राईडमध्ये बसलो होतो, अर्थात शेवटच्या ओळीत. चढावर गाडी थांबली. कुणीतरी मोबाईल बाहेर काढला होता. पुढच्या ओळींत ओरडाआरडा सुरू झाला. आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या. लोक वळून बघायला लागले, वेडे आहेत का म्हणून. जिन्याने वर येणारी एक मुलगी होती. ती आधी गोंधळली, आणि मग हसली.

पुढच्या वेळी तुमची गाडी थांबली, तर एवढं करा. आणि उतरल्यावर तक्रारवही मागितलीत, तर त्यात थांबवणाऱ्याचं नाव विचारून लिहा. चांगल्यासाठी.