नाव उघड, मत गुप्त

(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्या एकत्रित मेळाव्यात जिल्हा माहिती अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर.)



निवडणूक आली की मतदारांना उद्देशून आवाहने निघतात. ती लिहिण्याचे काम माझ्याकडे असते, आणि इतक्या वर्षांत त्यांतील बहुतेक वाक्ये मला पाठ झाली आहेत. परंतु मतदानाच्या दिवशी सकाळी मी स्वतः रांगेत उभा राहतो तेव्हा त्यांतील एकही वाक्य आठवत नाही. मनात निराळेच विचार चालू असतात. त्यांपैकी काही आज आपल्यापुढे ठेवावेत असे योजिले आहे. आपल्यापैकी अनेकजण त्या दिवशी टेबलापलीकडे बसलेले असतात, तर काहींचे भवितव्य त्या यंत्रात बंद होत असते. तेव्हा टेबलाच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसाचे मनोगत आपणांस अगदीच निरुपयोगी वाटणार नाही, अशी आशा आहे.

माझे मतदान केंद्र प्राथमिक शाळेच्या एका वर्गात असते. बाके व्हरांड्यात रचलेली, भिंतीवर पाढे, फळ्याच्या कोपऱ्यात आदल्या दिवशीचा सुविचार अर्धवट पुसलेला. आत गेल्यावर पहिले मतदान अधिकारी ओळखपत्र पाहतात, यादीतील नोंद शोधतात आणि माझा अनुक्रमांक व नाव मोठ्याने उच्चारतात. उमेदवारांच्या प्रतिनिधींनी ते ऐकावे, कोणी तोतया असल्यास हरकत घ्यावी, हा त्यामागील हेतू. शाळा सुटल्यानंतर आपले संपूर्ण नाव असे खणखणीत आवाजात कोणी पुकारीत नाही. न्यायालयातील पुकारा सोडला तर! त्या क्षणी मी कोणाचा साहेब नसतो की कोणाचा कारकून नसतो. माझ्या पुढे शेतमजूर असतो, मागे डॉक्टर. दोघांनाही तसेच पुकारले जाते.

नावाची ही गोष्ट वाटते तितकी किरकोळ नाही. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी याद्या तयार होत होत्या, तेव्हा उत्तरेकडील काही राज्यांत असंख्य स्त्रियांनी परक्या माणसाला स्वतःचे नाव सांगितले नाही. अमक्याची पत्नी, तमक्याची मुलगी, एवढीच त्यांची ओळख यादीत उतरली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी ग्राह्य धरण्यास नकार दिला. खरी नावे मिळविण्याचा प्रयत्न झाला. तरीही सुमारे २८ लाख स्त्रियांच्या नोंदी अखेरीस वगळाव्या लागल्या. निर्णय कठोर होता खरा. तथापि त्यात एक मोठे तत्त्व होते असे मी मानतो. नात्याला मत नसते, व्यक्तीला असते. आज माझ्या रांगेत एखाद्या वृद्धेचे नाव पुकारले जाते आणि ती पदर सावरीत ‘हां, मीच’ म्हणून पुढे होते, तेव्हा त्या २८ लाख स्त्रियांची मला हटकून आठवण होते.

नाव असे चारचौघांत उघड झाले की पुढची सारी व्यवस्था मात्र गुप्ततेची. नोंदवहीत सही किंवा अंगठा, डाव्या तर्जनीवर शाई, तिसऱ्या अधिकाऱ्यांनी दाबलेली कळ, आणि मग तो पुठ्ठ्याचा आडोसा. मी पहिले मत १९९९ साली दिले, ते कागदी मतपत्रिकेवर. शिक्का उमटवून घडी घालताना शाई दुसऱ्या चिन्हावर तर लागणार नाही ना, ही धास्ती असे. आता विधानसभा व लोकसभेच्या मतदानात काचेआड ७ सेकंद चिठ्ठी दिसते व खाली पडते. सात सेकंद म्हणजे तसे काहीच नाहीत. पण वर्षभर जो माणूस प्रत्येक निर्णय कोणाला तरी विचारून घेतो, घरात थोरल्यांना, कचेरीत वरिष्ठांना, गावात भावकीला, त्याला तेवढ्यापुरते विचारायला कोणीच नसते.

कायद्याने हा एकांत फार काळजीपूर्वक जपला आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ९४ प्रमाणे, आपण कोणाला मत दिले हे सांगण्यास साक्षीदारालाही भाग पाडता येत नाही. कलम १२८ प्रमाणे मतदानाच्या कामावरील कर्मचाऱ्याने किंवा प्रतिनिधीने गुप्तता भंग केल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते. दृष्टिहीन मतदाराबरोबर आत जाणाऱ्या सोबत्याकडूनही गुप्ततेचे प्रतिज्ञापन घेतले जाते. ही कलमे ठाऊक नसलेली एक आजी एकदा केंद्राबाहेर भेटली. नातू विचारीत होता, ‘आज्जे, कुनाला दाबलंस?’ आजी म्हणाली, ‘आत एकटीलाच सोडत्यात, त्ये काय उगाच व्हय रं?’ कलम ९४ चे याहून चांगले विवरण माझ्या वाचनात नाही.

येथवर सारे समाधानाचे आहे. मला खटकते ते पुढचे, आणि त्याविषयी पंचायत सदस्यांशी थोडे मोकळेपणाने बोलावयाचे आहे.

एका मतदाराचे मत कोणालाही कळत नाही. पण एका केंद्राचे कळते. मतपत्रिकांच्या काळात, आयोगाला आवश्यक वाटेल तेथे, अनेक केंद्रांच्या मतपत्रिका मोजणीपूर्वी एकत्र मिसळण्याची सोय होती. यंत्रातील मते केंद्रवार मोजली जातात आणि नमुना २० मध्ये केंद्रवार आकडे प्रसिद्ध होतात. अनेक यंत्रांची बेरीज एकदम दाखविणारे साधन वापरावे, असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ साली मांडला होता. विधी आयोगानेही २०१५ च्या अहवालात त्याला अनुकूलता दर्शविली. ते अमलात आलेले नाही. ग्रामपंचायतीचा प्रभाग तर मुळातच काहीशे मतदारांचा.

परिणाम काय होतो, हे आपण सारे जाणतो. एखाद्या पाड्याने, तांड्याने किंवा वाडीने कोणाला किती मते दिली, याचा कागद निकालानंतर हातोहात फिरतो. पुढे नळयोजना रखडते, रस्त्याचे खडीकरण वाडीच्या अलीकडेच थांबते. आणि विचारावयास गेलेल्यांना कोणीतरी हसत हसत सुनावते, ‘तुमच्या केंद्रावरचे आकडे बघितले आम्ही.’ आजीला आत एकटीला सोडले, पण तिच्या वाडीला उघड्यावर ठेवले, असाच याचा अर्थ. पुढच्या वेळी ती रांगेत उभी राहील तेव्हा आडोशाआड एकटी नसेल. तो कागद तिच्याबरोबर आत येईल.

केंद्रवार आकड्यांचा उपयोग आहे, हे मी नाकारीत नाही. प्रतिनिधींजवळच्या हिशेबाशी ते ताडून पाहता येतात, आणि त्यामुळे मोजणीवरचा विश्वास टिकतो. म्हणून ते झाकून ठेवावेत असे माझे म्हणणे नाही. परंतु पाणीपुरवठ्याचा प्रस्ताव तयार करताना ग्रामसभेचा ठराव लागतो, वस्तीची लोकसंख्या लागते, उद्भवाचे अंतर लागते, अंदाजपत्रक लागते. आपल्यातील ग्रामसेवकांनी व विस्तार अधिकाऱ्यांनी असे प्रस्ताव शेकड्यांनी पाहिले असतील. नमुना २० ची प्रत त्यांना कोठेही जोडावी लागत नाही.