तळहातावरचे महानायक



बालसाहित्याच्या व्यासपीठावरून मी आज व्हिडिओ गेमवर बोलणार आहे. शिक्षक मंडळींना हे खटकेल, याची मला कल्पना आहे. पण मुलं गोष्ट जिथं शोधतात तिथं लेखकानं गेलंच पाहिजे, असं मी मनापासून मानते.

महानायकांच्या गोष्टी आपल्याला नव्या नाहीत. माझ्या पिढीनं इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ मराठीतून वाचला. नायक परका, जंगल परकं, पण तो बोलायचा आपल्या भाषेत, आणि पातळसं पुस्तक दप्तरात मावायचं. शेजारी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे होताच. आजच्या मुलाला महानायक पडद्यावर भेटतो, तो बहुतेक वेळा इंग्रजीत बोलतो. मधल्या काळात आपण लेखक कुठं होतो, हा प्रश्न मला सतावतो.

एक जुनं उदाहरण घेते, कारण त्यात कारागिरी उघडी दिसते. २००५ साली ‘एक्स-मेन लेजंड्स २’ हा गेम आला. चार महानायकांची टोळी. लढता लढता चौघांपैकी कुणाचीही सूत्रं आपल्या हाती घ्यायची, अनुभव साठवायचा, त्यातून कुणाची कोणती शक्ती वाढवायची ते ठरवायचं. अमेरिकेतल्या रेव्हन सॉफ्टवेअरनं तो टीव्हीला जोडायच्या यंत्रांसाठी बनवला. आणि व्हिकेरियस व्हिजन्स या दुसऱ्या स्टुडिओनं तोच गेम सोनीच्या पीएसपीवर, म्हणजे हातात धरून खेळायच्या यंत्रावर उतरवला.

उतरवला म्हणायला सोपं आहे. पीएसपीचा पडदा आडवा ४८० ठिपक्यांचा, उभा फक्त २७२. मेमरी ३२ एमबी. घरच्या यंत्राच्या कंट्रोलरवर अंगठ्यानं फिरवायच्या दोन ॲनलॉग स्टिक असतात: एकीनं नायक चालतो, दुसरीनं कॅमेरा फिरतो. पीएसपीवर एकच. वरच्या कडेची बटणंही चाराऐवजी दोन. खेळ ज्या छोट्या तबकडीवर यायचा तिच्यात १.८ जीबी मावायचं, साध्या डीव्हीडीत ४.७. तबकडी फिरली की बॅटरी उतरते आणि मूल ताटकळतं. प्रोसेसर ३३३ मेगाहर्ट्झपर्यंत पळू शकत होता, पण सुरुवातीला सोनीनं गेमना २२२ चीच मर्यादा घातली होती. सेकंदाला तीस चित्रं दाखवायची तर एका चित्राच्या वाट्याला जेमतेम ३३ मिलिसेकंद येतात. तेवढ्यात चार नायक, त्यांच्यावर तुटून पडणारे शत्रू, स्फोट, आवाज, सगळं हिशेबात बसवायचं.

मग काय टाकायचं आणि काय ठेवायचं? कातड्याची चकाकी कमी करता येते, दूरची भिंत साधी करता येते. पण चौघांमधून हवा तो नायक क्षणात निवडता येणं टाकलं, तर गेमच उरत नाही. त्यांनी ते राखलं. वायरलेसवर मित्रांनी मिळून खेळायची सोयही दिली. एवढ्यावर न थांबता केबल, कॅननबॉल, डार्क फिनिक्स आणि एक्स-मॅन असे चार नायक फक्त या लहान आवृत्तीत वाढवले. लहान यंत्रावर खेळणाऱ्या मुलाला उरलंसुरलं वाढायचं नाही, ही त्यामागची वृत्ती मला फार मोलाची वाटते. बालसाहित्यात आपण नेमके इथंच चुकतो. लहानांसाठी म्हणजे कमी प्रतीचं चालेल, असं अजूनही कितीतरी प्रकाशनं बघताना जाणवतं.

आष्टीच्या या मातीत हे वेगळं समजावून सांगायची गरज पडू नये. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी एका खंजिरीवर गावंच्या गावं जागी केली; १९४२ साली आष्टीचे लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले, त्यामागे त्या भजनांचं बळ होतं. साधन लहान असलं की प्रत्येक ठेका नेमका पडावा लागतो. पीएसपीवर काम करणाऱ्या त्या कारागिरांची कसोटी हीच होती.

आता आपल्या घरचं उदाहरण. पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्स नावाचा छोटा स्टुडिओ आहे. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड यांनी तो उभा केला. त्यांच्या ‘राजी’ या गेममध्ये कसरती करणारी एक मुलगी असुरांनी पळवलेल्या आपल्या भावाला, गोलूला, शोधायला निघते आणि दुर्गेनं दिलेल्या त्रिशूळानं लढते. राजी म्हणजे अमेरिकी कॉमिक्समधली महानायिका नव्हे, तिची जातकुळी पुराणातली. लोकवर्गणीतून पैसे उभारायचा प्रयत्न २०१७ साली फसला. तरी मंडळी मागे हटली नाहीत. १८ ऑगस्ट २०२० रोजी ‘राजी’ सर्वांत आधी निन्टेन्डो स्विचवर, म्हणजे हातात धरूनही खेळता येणाऱ्या यंत्रावर, आला. स्विचचा पडदा ६.२ इंच, मेमरी ४ जीबी. पीएसपीच्या मानानं ऐसपैस, पण मोठ्या कॉम्प्युटरपुढं तुटपुंजीच. ‘राजी’त कॅमेरा खेळणाऱ्याच्या हाती नाही, चौकट बनवणाऱ्यांनी ठरवलेली. त्यामुळे जे दिसणारच नाही ते रेखाटण्यात यंत्राची ताकद वाया जात नाही, आणि राजवाड्याचे सज्जे चित्रकारानं योजले तसेच दिसतात. त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या उत्कृष्ट गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी संवाद आले. पुण्यात घडलेली ही मुलगी मराठीत बोलताना ऐकायची माझी इच्छा आहे, आणि ते काम आपण लेखकांनी आपणहून मागून घ्यावं.

ते काम सोपं नाही, हेही सांगते. देवनागरीला उंची लागते: वर रफार, वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार. इंग्रजी अक्षर जितक्या ठिपक्यांत वाचता येतं, तितक्यात ‘र्तृ’चा नुसता डाग होतो. गेमच्या प्रणालीत जोडाक्षरांची मांडणी नीट चालू नसेल तर ‘शक्तिमान’मधला ऱ्हस्व इकार अलीकडे यायचा तो पलीकडे जाऊन बसतो आणि ‘क्’चा पाय मोकळा लटकतो. म्हणून अक्षरं ठसठशीत हवीत, ओळी दोनच हव्यात, आणि त्या दोन ओळींत बसेल असं लिहिणारा लेखक हवा. “अरे, त्या पडक्या विहिरीच्या दिशेने जाऊ नकोस, तिथे राक्षसाचे वास्तव्य आहे,” हे वाचेपर्यंत नायक मरतो. “हिरीकडं नोको जाऊ, बे!” हे वाचता वाचता मूल वळतं. आपली वऱ्हाडी बोली या कामाला किती तयार आहे, ते बघा.

आष्टीत किती मुलांकडे कन्सोल असेल? इथल्या मुलाच्या हातात येतो तो घरातला जुना फोन, तोही बाबा शेतातून, संत्र्याच्या बागेतून परतल्यावर. तीच त्याची पीएसपी. म्हणून माझं आग्रहाचं म्हणणं आहे, की मराठी गेम आधी त्या फोनसाठी बनावा, कमी मेमरीत, इंटरनेटशिवाय चालणारा. मोठ्या पडद्यावर तो मागाहून नेता येईल.

आष्टीच्या बेचाळीसच्या लढ्यावर गेम करा, असं कुणी सुचवेल. जरूर करावा, पण लेजंड्सच्या साच्यात नको. तिथं प्रत्येक लढाईनंतर शक्ती वाढते. इथल्या माणसांकडे वाढणारी शक्ती नव्हती, तरी ती ठाण्यावर चालून गेली आणि गोळ्यांना सामोरी गेली. त्यासाठी खेळाचे नियमच नव्यानं रचावे लागतील, आणि ते रचायला इथल्या घरांतून ऐकलेल्या आठवणी लागतील. शिक्षकांनी या वर्षी मुलांकडून त्या लिहवून घ्याव्यात. बालवाङ्मयाचे पुरस्कार देणाऱ्या संस्थांनी गेमच्या संहितेला स्वतंत्र पुरस्कार ठेवावा. आणि प्रोग्रामिंग शिकणाऱ्या विदर्भातल्या मुलामुलींना संमेलनाच्या आयोजकांनी पुढच्या वेळी लेखकांच्या शेजारी बसवावं, श्रोत्यांत नव्हे, मंचावर.