वाडीतील मोटारघर आणि त्याचा वाढीव खर्च
(ज्युबिलीच्या सप्ताहात देवळाच्या सभागृहात झालेले भाषण)



ज्युबिलीच्या सभेत धर्मगुरूंनी मोटार ठेवण्याच्या जागेविषयी बोलावे, हे आपणांपैकी पुष्कळांस चमत्कारिक वाटले असेल. कार्यक्रमपत्रिका वाचून एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आम्हांस वाटेत गाठले आणि "फादर, छापणाऱ्याची चूक तर नाही ना?" असे विचारले. चूक नाही. गेल्या वर्षभरात या वाडीतील जी भांडणे आमच्या कानी आली, त्यांतील निम्मी तरी एका मोटारघरावरून उद्भवलेली आहेत. सबब त्याचा विचार चारचौघांत झालेला बरा.

हकीकत अशी की, वाडीच्या तोंडाशी, हमरस्त्यास लागून राहणाऱ्या एका कुटुंबातील मुलगा कमरेखाली अधू आहे. रस्त्यावर मोटार उभी करण्यास जागा मिळत नाही, म्हणून ऐन आषाढातील पावसात बाप त्याला पाठीवर घेऊन कोपऱ्यापर्यंत जातो. हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. घराच्या कडेस एक पडकी न्हाणी होती. तेथे एक मोटार मावेल एवढी खोली बांधावी, असे त्या कुटुंबाने ठरविले व दोन अंदाज मागविले. पहिल्यात सिमेंटच्या ठोकळ्यांच्या भिंती, पत्र्याचे छप्पर व लोखंडी शटर होते. दुसरा अंदाज वाडीस शोभेल अशा बांधकामाचा होता, आणि तो पहिल्याच्या जवळजवळ दीडपट भरला.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. वारसा म्हटला की खिळाही ठोकता येत नाही, असे वाडीत सर्रास बोलले जाते. ते खरे नव्हे. मुंबईत वारसा-जतनाचे नियम १९९५ साली अंमलात आले व त्यांत इमारतींच्या आणि परिसरांच्या तीन श्रेणी ठरविण्यात आल्या. पहिलीचे निर्बंध अतिशय कडक आहेत. तिसरीत, म्हणजे आपली वाडी जीत मोडते तीत, आतबाहेर फेरफार करण्यास, इतकेच नव्हे तर त्याच आवारात नवी खोली बांधण्यासही सामान्यतः मुभा असते. अट एवढीच की, जे बांधावयाचे ते मूळ परिसराशी सुसंगत असावे. खिळा ठोकता येतो. परंतु तो सुसंगत असावा लागतो, आणि या एका शब्दापायी थैली मोकळी करावी लागते!

ती कशी होते, हे आम्ही गवंड्याशेजारी बसून समजावून घेतले. छपराचेच पाहा. पत्रा दोन माणसे अर्ध्या दिवसात चढवितात. मंगलोरी कौलांस उतार हवा, सागवानी वासे हवेत, वाशांवर रिपा हव्यात, आणि एवढे करूनही पावसाळ्यापूर्वी दरवर्षी कोणीतरी वर चढून फुटकी कौले बदलावयास हवीत. दरवाजाची गोष्ट तर अधिक मौजेची. शटर गुंडाळून वर जाते, त्यास जमिनीवरील जागा लागत नाही. सागवानी झडपा बाहेर उघडाव्यात तर गल्लीची वाट अडते. आत उघडाव्यात तर खोलीची लांबी तेवढी वाढवावी लागते. घडीच्या कराव्यात तर बिजागऱ्यांचा व सुताराचा खर्च चढतो. ट्रक आत शिरत नाही, म्हणून विटा व रेती डोक्यावरून आणाव्या लागतात. अर्थात हा शेवटचा खर्च वारशाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तो गल्लीचा आहे आणि पत्र्याच्या शेडलाही तो पडलाच असता.

चुन्याविषयी मात्र आम्ही थोडे अधिक बोलणार आहोत, कारण आमचेही मत येथे बदलले. चुना हा केवळ हौसेचा खर्च, असे आम्ही धरून चाललो होतो. परंतु नव्या खोलीची एक बाजू जुन्या घराच्या भिंतीला लागते, आणि ती भिंत विटांची व चुन्याची आहे. अशी भिंत पावसाळ्यात ओल घेते व उन्हाळ्यात सोडते. तिच्यावर सिमेंटचा कठीण लेप दिला की ओलीस बाहेर पडावयास वाट राहत नाही. ती आत मुरते, विटा भुगा होऊ लागतात, आणि आत टेकलेल्या तुळईचे टोक कुजते. चुना सावकाश घट्ट होतो. हवेतील कर्बवायू शोषून तो हळूहळू पुन्हा दगडासारखा बनतो. त्याला दिवस द्यावे लागतात, आणि दिवस म्हणजे मजुरी. तथापि हा खर्च शोभेचा नसून घर वाचविण्याचा आहे, आणि तो घरमालकानेच सोसणे रास्त होय.

उरली कौले, लाकूड, दरवाजा, नकाशे, वास्तुतज्ज्ञाची फी, आणि एका कार्यालयात कित्येक महिने पडून राहिलेले कागद. यांचा लाभ कोणास? मोटार पत्र्याखालीही कोरडी राहिली असती. लाभ होतो तो गल्लीतून जाणाऱ्या-येणाऱ्यास, समोरच्या ओट्यावर बसणाऱ्यास, आणि नाताळात येथे छायाचित्रे काढावयास येणाऱ्या पाहुण्यांस. ज्यांनी "पत्रा घातलात तर आम्ही तक्रार करू" असे त्या बापास बजावले, त्यांचे म्हणणे चूक नव्हते. पण त्यांच्यापैकी एकानेही "कौलांचे आम्ही पाहतो" असे म्हटले नाही, हे आम्हांस सांगितलेच पाहिजे.

सरकारकडे बोट दाखविणे सोपे आहे. १९९५ च्या नियमांत, ज्या मालकाचा बांधकामाचा हक्क बुडतो त्यास तो हक्क अन्यत्र वापरण्याची किंवा विकण्याची सोय आहे. पण आपल्या गृहस्थाचा हक्क बुडालेला नाही, फक्त खर्च वाढला आहे. विलायतेत नोंदलेल्या जुन्या घरांतील मंजूर फेरफारांवर एके काळी मूल्यवर्धित कर लागत नसे. १ ऑक्टोबर २०१२ पासून तो २० टक्के लागू झाला. तेव्हा त्या वाटेकडे डोळे लावून बसण्यात अर्थ नाही.

कोणी म्हणेल, ज्याला मोटार परवडते त्याला कौले का परवडू नयेत? मिरविण्याची मोटार असती, तर आम्हीही हेच म्हटले असते. परंतु त्या घरी बिल्डरचा माणूस दोनदा येऊन गेला आहे. तिसऱ्या खेपेस त्याला होकार मिळाला, तर माडीचा कठडा, बाहेरचा जिना व पुढला ओटा यांच्यासह ते कुटुंब येथून जाईल. मग त्या घराचे सागवान जुन्या लाकडाच्या वखारीत जाईल, आणि पुढे एखाद्या हॉटेलात शोभेला लागेल.

म्हणून आम्ही पुढीलप्रमाणे सुचवितो. देवळाच्या छपराची दुरुस्ती झाली तेव्हा उतरविलेले वासे व तीनशेवर धड कौले आमच्या निवासामागे पडून आहेत, ती द्यावीत. धर्मग्रामातील दोघा सुतारांनी मजुरी निम्मी घेण्याचे कबूल केले आहे. दरवाजाच्या खर्चासाठी वाडीतील घरटी वर्गणी ठरावी; किती, ते आपण ठरवा, आम्ही आमच्या निवासाचे नाव यादीत पहिले घातले आहे. नकाशा सभागृहाच्या दारापाशी लावलेला आहे. रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर गवंडी तेथे उभा राहील. ज्यांस झडपा घडीच्या असाव्यात की सरकत्या, याविषयी वाद घालावयाचा असेल, त्यांनी त्याच्याशी घालावा.