टाळ्या आणि मैदान



१६ मार्च २०२४ रोजी अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत महिलांच्या व्यावसायिक फुटबॉल हंगामातला सलामीचा सामना झाला. साडेअकरा हजार आसनं भरली होती. यजमान करंट संघाने पोर्टलँड थॉर्न्सला ५-४ असं हरवलं, आणि प्रेक्षकांनी स्टेडियम डोक्यावर घेतलं.

पण बायकांच्या खेळाला गर्दी नवी नाही. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलला ‘डिक, कर लेडीज’चा सामना पाहायला ५३ हजार लोक आले होते. वर्षही उलटलं नाही, तोच ५ डिसेंबर १९२१ला इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने, हा खेळ बायकांना शोभत नाही असं ठरवून, आपल्या क्लबांची मैदानं त्यांना बंद केली. बंदी सुमारे ५० वर्षं टिकली. प्रेक्षक त्यांचे होते, मैदान नव्हतं.

कॅन्सस सिटीचं स्टेडियम मात्र खास महिला संघासाठीच बांधलेलं. पुरुषांच्या सामन्यांतून उरलेली तारीख मागायला नको. अर्थात तिथेही मालकी संघमालकांची आहे, खेळाडूंची नाही.

तेव्हा टाळ्या जरूर वाजवू या. पण मैदानाची किल्ली कोणाकडे, हेही दर वेळी विचारू या.