म्हण आणि म्हणणारा

आमच्या देवरुखाजवळ, सह्याद्रीच्या कुशींत, मारळ गांवच्या वर मार्लेश्वराचें गुहेंतील देवस्थान आहे. दर वर्षीं मकरसंक्रांतीस तेथें देवाचें लग्न लागतें. वधू गिरिजादेवी. तिची पालखी साखरप्याहून येते. वऱ्हाड, मानपान, वाजंत्री, अक्षता, माणसांच्या लग्नांत जें जें असतें तें सारें देवाच्या लग्नांतहि असतें. एके वर्षीं त्या गर्दींत पायऱ्या चढतांना माझ्या मागून धापा टाकीत येणारे एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "लग्न पाहावें करून आणि घर पाहावें बांधून!" भोंवतालचीं माणसें हंसलीं. देवानें घर बांधण्याची यातायात गुहेंत राहून चुकविली, पण लग्नाची त्यालाहि चुकली नाहीं, ती तर दर वर्षाची, असा त्या हंसण्याचा अर्थ होता.

त्या दिवशीं परततांना मीं मनाशीं एक हिशेब मांडला. लग्न, सासर आणि संसार यांविषयीं आपल्या भाषेंत म्हणी किती, आणि प्रेमाविषयीं किती? पहिल्या बाजूस भराभर जमा होऊं लागली. 'लेकी बोले सुने लागे', 'चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे', 'घरोघरीं मातीच्या चुली', 'नवरा मरो कीं नवरी मरो, उपाध्यायाला दक्षिणेशीं काम'. दुसऱ्या बाजूस लेखणी थबकली. पुष्कळ आठवल्यावर एक म्हण सांपडली, 'मन चिंती तें वैरी न चिंती'. तींत प्रेम हा शब्दहि नाहीं. परंतु ज्या घरांतला कर्ता पुरुष मुंबईस चाकरीला गेला आहे आणि ज्याचें पत्र महिनाभर आलेलें नाहीं, त्या घरांतील बाईच्या तोंडून ती ऐकावी, म्हणजे तींत काय सांठविलें आहे तें कळतें. आपल्याकडे प्रेम असें आडून बोलतें. लग्न मात्र चौघांत बोलतें.

हें असें कां असावें, याचा विचार करूं लागलों म्हणजे 'म्हण' या शब्दापाशींच येऊन थांबावें लागतें. म्हण म्हणजे म्हटलेली गोष्ट. जी म्हटली ती कोणीतरी म्हटलीच असली पाहिजे. परंतु म्हणीचें वैशिष्ट्य असें कीं, तिचा म्हणणारा नाहींसा झालेला असतो. 'लोक म्हणतात' एवढेंच उरतें. मोल्सवर्थनें १८३१ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या कोशांत शब्दांच्या अनुषंगानें पुष्कळ म्हणी नोंदविल्या. १८९९ मध्यें मॅन्वेरिंग या मिशनऱ्यानें केलेला मराठी म्हणींचा संग्रह ऑक्सफर्ड येथें छापला गेला. आणि दाते व कर्वे यांनीं महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशाचे दोन विभाग १९४२ व १९४७ सालीं सिद्ध केले. या मंडळींचे आपल्यावर फार उपकार आहेत. परंतु संग्रहांत आलेली म्हण ही दप्तरांत दाबून ठेवलेल्या फुलासारखी असते. ती कोणाच्या ओठांवर होती, कोणत्या प्रसंगीं आणि कोणास उद्देशून, हें त्या पानावर दिसत नाहीं.

आणि प्रसंग गेला कीं म्हणीचें शहाणपणहि अर्धें जातें. 'पांचामुखीं परमेश्वर' असें आपणच म्हणतों आणि 'ऐकावें जनाचें, करावें मनाचें' असेंहि आपणच म्हणतों. दोहोंपैकीं खरें कोणतें? दोन्ही खरीं, केव्हां, कोणीं, कोणास सांगितलीं यावर तें खरेपण अवलंबून आहे. मुलीच्या मनाविरुद्ध स्थळ ठरविणारा बाप पहिली म्हण काढतो, आणि तीच मुलगी, बोलण्याची सोय असेल तर, दुसरी.

हाच पेंच जुन्या इंग्रज कवींनाहि पडलेला दिसतो. इंग्लंडांत बाराव्या-तेराव्या शतकांत नीतिवचनांची फार आवड होती. नवव्या शतकांत होऊन गेलेल्या आल्फ्रेड राजाच्या नांवावर कित्येक वचनें त्या काळीं फिरत असत. तीं त्याचीं नव्हेत, पण राजाचें नांव असलें म्हणजे वचनास वजन येई. 'घुबड आणि बुलबुल' या नांवाच्या जुन्या काव्यांत हे दोन पक्षी कडाक्यानें भांडतात. प्रेम आणि लग्न हेहि त्यांच्या भांडणांतले विषय आहेत. गंमत ही कीं, दोघेहि आपापल्या बाजूस आल्फ्रेडचींच वचनें पुढें करतात. वचनांचा सांठा एक आणि पक्ष दोन! त्याच सुमाराच्या दुसऱ्या एका काव्यांत प्रत्येक कडव्याच्या शेवटीं एक म्हण येते आणि तिच्यापुढें 'हेंडिंग म्हणे' अशी मुद्रिका येते. हा हेंडिंग कोण, तें महत्त्वाचें नाहीं. म्हणीला एक तोंड हवें असें त्या कवीला वाटलें, हें महत्त्वाचें. मराठी श्रोत्यांना ही रीत परकी वाटणार नाहीं. 'नामा म्हणे', 'तुका म्हणे' हें आपल्या कानांत लहानपणापासून बसलेलें आहे.

या कवींचा मुकुटमणि जो चॉसर, त्यानें तर म्हणी सांगणाऱ्या माणसाचीच परीक्षा केली. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्यानें ट्रॉयलस आणि क्रिसेड यांची प्रेमकथा लिहिली. तींत पँडरस नांवाचा एक मध्यस्थ आहे. तो नायकाचा मित्र आणि नायिकेचा मामा. त्याच्या जिभेवर म्हणींची रास. मित्र विरहानें झुरत पडला कीं एक म्हण, भाची बिचकली कीं दुसरी. अशा म्हणींच्या फळ्या टाकीत टाकीत त्यानें दोघांना एकत्र आणलें. पुढें नायिकेला शत्रूच्या गोटांत जावें लागलें, तेथें ती दुसऱ्याची झाली, आणि मित्राचें सर्वस्व बुडालें. तेव्हां हा बोलका गृहस्थ एवढेंच सांगतो कीं, आपल्याजवळ आतां सांगण्यासारखें कांहीं उरलें नाहीं. सारें शहाणपण पाठ असलेल्या माणसाला प्रेमाच्या खऱ्या संकटीं गप्प बसावें लागलें, ही चॉसरची टीका मला फार मोठी वाटते.

त्याच कवीच्या 'कँटरबरी कथां'मध्यें बाथ गांवची एक बाई आहे. तिचीं पांच लग्नें झालेलीं. पांचवा नवरा शिकलेला. दुष्ट बायकांच्या कथांचें एक पुस्तक तो रोज रात्रीं तिला वाचून दाखवी, आणि स्त्रियांविरुद्धच्या म्हणींचा मारा करी. एके रात्रीं तिनें त्या पुस्तकाचीं तीन पानें फाडलीं. नवऱ्यानें तिला असें मारलें कीं, तिचा एक कान कायमचा बहिरा झाला. तिचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, या कथा लिहिल्या कोणीं तें आधीं पाहा. बायकांनीं लिहिल्या असत्या तर पुरुषांचीं पापें पानांत मावलीं नसतीं. श्रोतेहो, हाच प्रश्न आपल्या म्हणींनाहि विचारण्याजोगा आहे.

आतां आपल्या कवींकडे वळूं. समर्थांनीं दासबोधाच्या दुसऱ्या दशकांत पहिल्याच समासांत मूर्खांचीं लक्षणें सांगितलीं आहेत. आईबापांशीं विरोध करून बायकोला सखी मानणारा मनुष्य त्यांनीं आरंभींच मूर्खांत काढला. मराठी घरांत हें वचन किती वेळां उच्चारलें गेलें असेल आणि किती नव्या संसारांवर त्याची सावली पडली असेल, याची गणती नाहीं. परंतु या वचनाखालीं नांव आहे. तें कोणाचें, हें आपणांस ठाऊक आहे. परंपरा सांगते कीं, हे महापुरुष स्वतः 'सावधान' शब्द ऐकून बोहल्यावरून निघून गेले. तेव्हां हा उपदेश थोर खरा, पण ज्यानें संसाराचा उंबरठा ओलांडला नाहीं त्याचा आहे, हें ध्यानांत ठेवून तो ऐकतां येतो. निनावी म्हणीच्या बाबतींत ही सोय नसते.

एकनाथांनीं निराळी युक्ति केली. ते स्वतः गृहस्थाश्रमी. रुक्मिणीस्वयंवर त्यांनीं १५७१ सालीं पूर्ण केलें. आणि भारुडांत तर त्यांनीं चक्क सासुरवाशिणीला बोलावयास उभें केलें. ती भवानीला नवस करते तो सासू, सासरा, जाऊ, नणंद, इतकेंच काय पण खुद्द नवरा यांच्यापासून सुटका व्हावी म्हणून. यांतील परमार्थाचा अर्थ वेगळा आहे, तो कीर्तनकार उलगडून सांगतात. परंतु तो अर्थ कळण्यापूर्वीं देवळांत मागल्या बाजूस बसलेल्या बायका हंसतात, त्या कशासाठीं? जें घरीं बोलतां येत नाहीं तें देवासमोर, चौघांच्या देखत, कोणीतरी बोललें म्हणून. 'लेकी बोले सुने लागे' या म्हणींत सुनेनें नुसतें ऐकावयाचें असतें. भारुडांत ती बोलते.

आणि मग एक स्त्री स्वतःच्या नांवानें बोलली. संत बहिणाबाई १६२८ सालीं वेरुळाजवळच्या देवगांवीं जन्मली आणि १७०० सालीं निवर्तली. अगदीं बाळपणीं, तिसऱ्या वर्षाच्या सुमारास, तिचें लग्न झालें तें तीस वर्षांच्या एका बिजवराशीं. तुकोबांवर तिची श्रद्धा जडली. ब्राह्मणाच्या बायकोनें वाण्याच्या अभंगांनीं वेडें व्हावें, हें नवऱ्याला सोसलें नाहीं. त्यानें तिला मारलें. हें सर्व तिनें आपल्या आत्मचरित्राच्या अभंगांत स्वतः सांगितलें आहे. पतिव्रतेचा धर्महि तिनें सांगितला, तो टाकून दिला नाहीं. परंतु तो सांगतांना मार कोणीं खाल्ला तेंहि सांगितलें. तिच्या अभंगांच्या शेवटीं 'बहिणी म्हणे' असें येतें. आमच्या सगळ्या म्हणींत जें नव्हतें तें या दोन शब्दांत आहे. सहन करावें असें लोक म्हणत होते. सहन केलें तिनें काय पाहिलें, तें बहिणी म्हणाली.

या मुद्रिकेचें मोल मला एका घरगुती प्रसंगानें कळलें. माझ्या लहानपणीं आमच्या शेजारची एक मुलगी भर पावसांत सासरहून निघून आली. तिच्या घरीं तिला कोणी उंबऱ्याच्या आंत घेईना, म्हणून ती आमच्या आजीपाशीं येऊन चुलीसमोर बसली. आजीनें तिचें डोकें पुसलें, गरम पेज दिली, आणि म्हणाली, "बाय, चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे." मुलगी डोळे पुसून उजाडतां उजाडतां परत गेली. आजीच्या शहाणपणाचें आळींत कौतुक झालें. पुढें पुष्कळ वर्षांनीं आजी थकली, अंथरुणास खिळली, तेव्हां एकदां ती आपणहून म्हणाली, "त्या पोरीला मीं म्हण दिली रे, जागा द्यायला हवी होती." ती मुलगी तोंपर्यंत स्वतः सासू झाली होती. सुनेचे म्हणून जे चार दिवस तिला मिळायचे होते ते आले तेव्हां तिचे केस पांढरे झालेले होते; आणि तीच म्हण ती आतां आपल्या सुनेस ऐकवीत होती.

म्हणून म्हणी टाकून द्याव्या असें मीं सुचवीत नाहीं. त्यांच्यावांचून आमची भाषा अळणी होईल. त्या रात्रीं आजीच्या म्हणीनें त्या मुलीला धीर दिलाच नसेल असेंहि मला म्हणवत नाहीं. परंतु म्हण ही दोन प्रकारें वापरतां येते. कोणी ती ऐकणाऱ्याच्या दुःखाला आधार म्हणून देतो. कोणी ती आपलें कर्तव्य टाळण्यासाठीं सांगतो. शब्द तेच असतात. फरक म्हणणाऱ्यांत असतो. जुन्या कवींनीं, मग तो टेम्सच्या कांठचा असो वा गोदेच्या, हाच फरक ओळखला. लोकांच्या तोंडचें निनावी शहाणपण त्यांनीं घेतलें, त्याला एक नांव दिलें, एक तोंड दिलें, आणि त्याला जाब विचारण्याची सोय करून ठेवली.

श्रोतेहो, आपल्या घरींहि उद्यां कोणीतरी रडत येईल, किंवा कोणी आपल्या मनांतली आवड भीतभीत सांगेल. त्या वेळीं आपल्या ओठांवर एक म्हण येईलच. ती आपल्या पूर्वजांची देणगी आहे. ती उच्चारण्यापूर्वीं क्षणभर थांबून तिच्या अखेरीस आपलें स्वतःचें नांव जोडून पाहावें. 'लोक म्हणतात' याच्या ऐवजीं 'मी म्हणतों' असें म्हणून ती म्हणवते का, हें पाहावें. म्हणवली, तर ती खुशाल सांगावी. न म्हणवली, तर गप्प बसून चुलीजवळ थोडी जागा करून द्यावी.