पैसे दिले आणि पोरगं खेळलंच नाही तर?

(बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'एआय आणि आपल्या नोकऱ्या' असा विषय दिला होता. मी तो बदलून मागितला. त्यावर बोलणारे व्हॉट्सॲपवर भरपूर आहेत, आणि आपल्या बॅचच्या ग्रुपवर तर जरा जास्तच. त्याऐवजी मी खेळाबद्दल बोलणार आहे. मागून हसल्याचा आवाज आला. ठीक आहे. खो-खोच्या संघात माझ्याकडे पाण्याच्या बाटल्या सांभाळायचं काम होतं, हे सगळ्यांना आठवतंय तर! पण हे बोलणं खेळापेक्षा पैशाबद्दल जास्त आहे, त्यामुळे मला थोडा अधिकार आहे असं समजा.

मी अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात राहते. विमा व्यवसायासाठी सॉफ्टवेअर लिहिते. म्हणजे 'अमुक झालं तर किती पैसे द्यायचे, आणि ते झालंय हे कोणी ठरवायचं' हे दिवसभर यंत्राला समजावून सांगत असते. आमच्या शहरात ओहायो स्टेट विद्यापीठ आहे आणि त्याच्या फुटबॉलच्या मैदानात लाखाहून जास्त प्रेक्षक बसतात. हा फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळायचा आणि समोरच्याला आडवं पाडायचा खेळ. विद्यार्थ्यांचा सामना बघायला वानखेडेच्या तिप्पट माणसं! सामन्याच्या शनिवारी आमच्याकडे कोणी लग्नाची तारीख धरत नाही.

तिकिटं, टीव्हीचे हक्क, टोप्या-टीशर्ट यांतून विद्यापीठांना प्रचंड पैसा मिळतो. पण प्रत्यक्ष खेळणाऱ्या मुलांना शिष्यवृत्ती आणि राहण्या-जेवणाचा खर्च यापलीकडे काही घ्यायला बंदी होती. कॉलेजच्या खेळांवर देखरेख करणारी एनसीएए ही संस्था १९०६ सालची, आणि 'हे विद्यार्थी आहेत, नोकर नाहीत' ही तिची भूमिका. जून २०२१ मध्ये 'एनसीएए विरुद्ध ऑल्स्टन' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य मतांनी तिच्याविरुद्ध निकाल दिला. तो निकाल शिक्षणाशी निगडित लाभांपुरताच होता, पण बांध फुटला. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपलं नाव आणि चेहरा वापरू देऊन पैसे कमावता येऊ लागले. लगेच ठिकठिकाणच्या श्रीमंत माजी विद्यार्थ्यांनी निधी उभे केले. हो, माजी विद्यार्थ्यांनी. आपण शाळेच्या छतासाठी वर्गणी काढली, ते क्वार्टरबॅकसाठी काढतात. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकणारा, संघाचा सूत्रधार.

मग ६ जून २०२५ ला न्यायालयाने मोठी तडजोड मंजूर केली. १ जुलै २०२५ पासून विद्यापीठं स्वतः खेळाडूंना पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. शिवाय आधीच्या खेळाडूंना दहा वर्षांत मिळून सुमारे २८० कोटी डॉलरची भरपाई.

तेव्हापासून ऑफिसात, दुकानात, मुलांच्या सरावाच्या वेळी गाडीत वाट बघणाऱ्या पालकांत एकच प्रश्न ऐकू येतो: एकोणीस वर्षांच्या पोराला लाखो डॉलर दिले आणि ते खेळलंच नाही तर?

प्रश्न अगदी रास्त आहे. पण 'खेळलंच नाही' म्हणजे काय, ते आधी आमच्याच शहरातल्या एका हंगामावरून पाहू.

२०२४ च्या ओहायो स्टेट संघावर सुमारे २ कोटी डॉलर खर्च झाल्याचं विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांनीच सांगितलं होतं. ३० नोव्हेंबरला घरच्या मैदानावर सामना होता मिशिगनशी. हे वैर किती जुनं आणि कडवट आहे ते काय सांगू! आमच्याकडे त्या आठवड्यात काही लोक 'एम' हे अक्षरसुद्धा खोडतात. मिशिगन त्या हंगामात आधीच पाच सामने हरलेला. तरी ओहायो स्टेट १३-१० असा हरला, आणि मिशिगनकडून सलग चौथ्या वर्षी हरला. विल हॉवर्ड हा क्वार्टरबॅक बाहेरच्या विद्यापीठातून आणलेला, त्याने दोनदा चेंडू सरळ प्रतिस्पर्ध्याच्या हातात दिला. त्या संध्याकाळी शहरात जो तो हिशेब मांडत होता. दोन कोटी पाण्यात. प्रशिक्षक रायन डे यांना हाकला. पैशाने भूक मरते, वगैरे.

पुढे काय झालं? त्याच संघाने टेनेसीला हरवलं, मग ओरेगनला, मग टेक्ससला, आणि २० जानेवारी २०२५ ला नोत्र दामला ३४-२३ असं हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. अंतिम सामन्यात आक्रमणातला सर्वोत्तम खेळाडू ठरला तोच विल हॉवर्ड. मुलं तीच, पैसे तेच, मध्ये सात आठवडे. आता सांगा, हिशेब कोणत्या तारखेला मांडायचा?

तुम्ही म्हणाल, हे आपल्याला आयपीएलमुळे माहीत आहे. बरोबर. ऋषभ पंतला २७ कोटींना घेतलं, २०२५ चा हंगाम जवळजवळ पूर्ण वाया गेला आणि शेवटच्या साखळी सामन्यात नाबाद ११८. पण पंत तेव्हा सत्तावीस वर्षांचा, आंतरराष्ट्रीय सामने खेळलेला, सोबत वकील आणि व्यवस्थापक असलेला माणूस. इथे आपण सकाळी अर्थशास्त्राच्या वर्गात बसणाऱ्या मुलाबद्दल बोलतोय.

आणि या वयाचं भाकीत भल्याभल्यांना करता येत नाही. जो बरो नावाचा मुलगा आमच्या ओहायो स्टेटमध्ये बाकावर बसून होता. कंटाळून लुइझियानाला, एलएसयूला गेला. २०१८ मध्ये तिथे त्याचे १६ टचडाउन पास, खेळ बरा. पुढच्या वर्षी ६०! संघ अजिंक्य, देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान, आणि २०२० मध्ये व्यावसायिक संघांच्या निवडीत पहिला क्रमांक. २०१८ अखेर कोणी कामगिरीच्या आकड्यावरून त्याचे पैसे कापले असते तर ते कागदोपत्री योग्यच ठरलं असतं. सर, बाई, तुम्हाला यात नवीन काही वाटणार नाही. आठवीच्या सहामाहीवरून तुम्ही आमचं भविष्य ठरवलं असतं तर या सभागृहातल्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या असत्या.

आता माझ्या कामातली एक गोष्ट सांगते. तिथे कॉलेजच्या चांगल्या खेळाडूंचा विमा निघतो. जबर दुखापत झाली आणि व्यावसायिक करारात मिळणारी रक्कम त्यामुळे घसरली, तर भरपाई मिळते. नोत्र दामच्या जेलन स्मिथचा गुडघा १ जानेवारी २०१६ च्या सामन्यात गेला, आणि त्याला अशा विम्यातून सुमारे ९ लाख डॉलर मिळाल्याच्या बातम्या होत्या. मात्र हा विमा दुखापतीचा असतो. नुसता खेळ बिघडला, फॉर्म गेला, तर त्यातून दमडी मिळत नाही. का, हे बघण्यासारखं आहे. विमा द्यायचा तर घटना घडली की नाही हे वादाशिवाय ठरवता आलं पाहिजे, आणि ज्याला पैसे मिळणार त्याच्या हातात ती घटना घडवून आणणं असता कामा नये. गुडघ्याचा एमआरआय काढता येतो. 'वाईट खेळला' याचा कसा काढणार? त्यातून मुलाला मैदानात उतरवायचं की बाकावर बसवायचं हे ठरवतो प्रशिक्षक, म्हणजे विद्यापीठाचाच माणूस. उद्या करारात लिहिलं की मुलगा अमुक सामने खेळला नाही तर पैसे परत, तर पैसे परत मिळणारा आणि त्याला न खेळवणारा एकच झाला! माझ्या कामात असा नियम कोणी लिहून आणला तर मी तो पहिल्याच वाचनात परत पाठवीन.

म्हणून मला वाटतं, हा धोका आहे, पण लोक दाखवतात तिथे नाही. मुलांचे बरेचसे करार एक-दोन वर्षांचे, पैसे हप्त्याने. नाही जमलं तर नुकसान तेवढंच. खरी मोठी हमी दिलेली असते प्रशिक्षकांना. टेक्सस ए अँड एमने नोव्हेंबर २०२३ मध्ये जिंबो फिशर यांना काढलं तेव्हा करारातली उरलेली रक्कम होती सुमारे साडेसात कोटी डॉलर. काम न करण्याचे साडेसात कोटी! पूर्ण विद्यापीठाच्या नव्या वार्षिक मर्यादेच्या साडेतीन पटींहून जास्त. पण गाडीत वाट बघणाऱ्या पालकांच्या गप्पांत 'प्रशिक्षक नाही चालला तर?' हा प्रश्न मी क्वचितच ऐकते.

आणि पैसे बुडण्याची भीती एकाच बाजूला नाही. जेडन रशाडा या मुलाला फ्लोरिडाकडे ओढताना सुमारे १ कोटी ३८ लाख डॉलरचा करार झाल्याचं गाजलं. तो करार रद्द झाला, मुलगा दुसऱ्या विद्यापीठात गेला, आणि २०२४ मध्ये त्याने फ्लोरिडाच्या प्रशिक्षकांसह काही जणांवर दावा लावला. त्याच वर्षी लास व्हेगासच्या संघाचा मॅथ्यू स्लूका तीन सामने खेळून, तिन्ही जिंकून निघून गेला. एक लाख डॉलर कबूल केले होते, ते दिले नाहीत, असं त्याच्या बाजूचं म्हणणं. विद्यापीठाचं म्हणणं वेगळं. अलीकडे उलटंही झालंय. जॉर्जियाच्या क्रीडा संघटनेने सोडून गेलेल्या एका खेळाडूकडून ३ लाख ९० हजार डॉलर मागितले. कायद्यात बसतही असेल, पण आईवडिलांच्या घरी नोटीस येणं म्हणजे काय, ते या सभागृहात कोणाला सांगायला नको.

यात माझा स्वार्थ आहे, तो सांगून टाकते. माझी मुलगी अकरावीत आहे आणि पोहते. ऑलिंपिकला जाणार नाही, पण कॉलेजच्या संघात घेतील इतपत चांगली आहे. पोहण्यातून कोणाला तिकिटाचे पैसे मिळत नाहीत. नव्या पैशाचा सर्वांत मोठा वाटा फुटबॉलला, मग मुलांच्या बास्केटबॉलला. तडजोडीनंतर प्रत्येक खेळाच्या संघात किती जण ठेवायचे यावरही मर्यादा आली. कॅलिफोर्नियातल्या कॅल पॉलीने मार्च २०२५ मध्ये पोहणं आणि सूर मारणं हे दोन्ही खेळ बंद करून टाकले, आणि या बदलांचा खर्च हे एक कारण दिलं. टेनेसीने फुटबॉलच्या तिकिटावर दहा टक्के 'टॅलेंट फी' लावली. क्लेमसनने तर विद्यार्थ्यांवर सत्राला १५० डॉलर क्रीडाशुल्क बसवलं. म्हणजे एखादा क्वार्टरबॅक नाही चालला तर त्याचा भुर्दंड रसायनशास्त्र शिकणाऱ्या, मैदानाचं तोंडही न बघणाऱ्या मुलीला.

माझं म्हणणं असं, की मुलांना पैसे द्यावेत. लाखभर लोक तिकीट काढून ज्यांना बघतात त्यांना फुकट राबवणं मला कधीच पटलं नव्हतं. पण करार छोटे असावेत, पैसे महिन्याच्या महिन्याला मिळावेत. दुखापत झाली किंवा खेळ बिघडला तरी पदवी पूर्ण होईपर्यंतची फी विद्यापीठाने भरावी. दिलेला पैसा कामगिरीच्या नावाखाली परत मागू नये. प्रशिक्षकाच्या हमीला मर्यादा घालावी, आणि खेळाचा तोटा खेळाच्याच उत्पन्नातून भागवावा. हे होईल असं मला दिसत नाही, कारण मोठा देणगीदार हरलेल्या रविवारी फोन उचलतो तेव्हा त्याला ३० नोव्हेंबर दिसत असतो, २० जानेवारी नाही.

मुलीची कॉलेजं बघायला आम्ही पुढच्या महिन्यात निघतोय. पोहण्याच्या तलावाआधी मी त्यांच्या क्रीडा विभागाचा ताळेबंद मागणार आहे. मुलीने आत्तापासूनच डोक्याला हात लावलाय. गणिताच्या सरांना माझ्या साडेतीन पटींवर हरकत असेल तर जेवणाच्या सुट्टीत मी वह्या घेऊन येते.