आधी तारीख पाहा : घरच्या संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम
ऑपरेटिंग सिस्टीम निवडताना वेग, रूप आणि किंमत यांच्याही आधी एक गोष्ट पाहावी लागते : तिच्या सुरक्षा-दुरुस्त्या कोणत्या तारखेपर्यंत मिळणार? ती तारीख उलटली म्हणून संगणक बंद पडत नाही. पण नव्याने सापडलेली भोके उघडीच राहतात, आणि त्याच संगणकावरून बँकेचे व्यवहार चालू असतात.

विंडोज १० ची ही तारीख १४ ऑक्टोबर २०२५ होती. ती होऊन गेली हे बहुतेकांना ठाऊक आहे. घरी अजून तीच चालू आहे, हेही. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव मुदत मिळाली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि इंटेलचा असल्यास साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे २०१६ सालचा धडधाकट संगणकही नापास ठरतो. शिवाय तिच्या होम प्रकाराची प्रत्येक वार्षिक आवृत्ती २४ महिनेच सांभाळली जाते.

विंडोजला पर्याय म्हणजे लिनक्स, मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमचे एक कुटुंब. त्यातली आर्च सतत बदलते, फेडोराची आवृत्ती सुमारे १३ महिन्यांत शिळी होते, दोन्ही हौशींसाठी. घरासाठी उबुंटूची एलटीएस (दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती), तिच्यावर उभी असलेली लिनक्स मिंट, किंवा सर्वांत उत्तम म्हणजे डेबियन स्टेबल. डेबियन १३ ‘ट्रिक्सी’ ९ ऑगस्ट २०२५ रोजी आली. तीन वर्षे पूर्ण देखभाल आणि पुढे दोन वर्षे एलटीएस, अशी तिची मुदत आहे. तेवढ्या काळात तिच्यातले प्रोग्रॅम सहसा नव्या आवृत्तीवर जात नाहीत, फक्त दोष दुरुस्त होतात. ‘म्हणजे जुनेच वापरायचे’ हा आक्षेप नेहमीचा. पत्र लिहायला आणि वीजबिल भरायला दर सहा महिन्यांनी नवे बटण लागत नाही. सी-डॅक या सरकारी संस्थेची ‘बॉस’ ही सिस्टीम डेबियनवरच बेतलेली आहे. डेबियनच्या आवृत्त्यांची नावे ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातली असतात, सतत बदलणाऱ्या शाखेला तर खेळणी मोडणाऱ्या सिडचे नाव आहे.

सिस्टीम बदलताना खरी अडचण मराठी मजकुराची. मुंबईत दहिसर-बोरिवलीकडे घरात बसून लग्नपत्रिका आणि मंडळांच्या स्मरणिका जुळवणाऱ्यांचे वर्षानुवर्षांचे काम श्री-लिपी किंवा आयएसएम या मराठी टाइपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये अडकलेले असते. त्या फाइलींत ‘क’ हा ‘क’ म्हणून साठवलेलाच नसतो; एखाद्या इंग्रजी अक्षराच्या जागेवर त्याचे चित्र बसवलेले असते, आणि ही जागाही प्रत्येक फॉन्टची वेगळी. फॉन्ट गेला की स्मरणिकेतले अध्यक्षीय मनोगत म्हणजे नुसती चिन्हांची रांगोळी. युनिकोड या सर्वत्र समान असलेल्या संकेतपद्धतीतली देवनागरी विंडोज २००० पासून दिसू लागली. एक्सपीमध्ये मात्र कंट्रोल पॅनेलमध्ये एका चौकटीत खूण करून सीडी घालावी लागे. तो खटाटोप टाळून अनेकजण जुन्याच फॉन्टवर थांबले आणि आता त्या फॉन्टपायी जुन्या विंडोजवर अडकले. म्हणून क्रम असा : आधी फाइली युनिकोडमध्ये आणाव्यात, जोडाक्षरे आणि रफार नजरेखालून घालावेत, मगच सिस्टीम बदलावी. युनिकोड मजकूर विंडोज, डेबियन आणि फोन, तिन्हीकडे वाचता येतो. इनस्क्रिप्ट कळपाट विंडोज आणि डेबियन दोन्हीकडे आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्ता’ हा मुक्त फॉन्टही कुठेही बसतो.

उरलेले थोडक्यात. प्रिंटर चालेल का, हा प्रश्न हटकून येतो : बहुतेक चालतात, सगळे नाही. डिजिटल सहीचे टोकन आणि हिशेबाचे काही प्रोग्रॅम विंडोजच मागतात. त्या घरांनी विंडोज ११ घ्यावी, वाद घालू नये. इतरांनी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह (संगणकात न बसवता चालणारी) सिस्टीम सुरू करून वाय-फाय, आवाज आणि प्रिंटर तपासावा. त्याने डिस्कवरचे काही पुसले जात नाही. कायमची बसवताना मात्र पुसले जाऊ शकते, म्हणून त्याआधी सगळ्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. डेबियन १३ चा इन्स्टॉलर ३२ बिटच्या जुन्या पीसीसाठी मिळत नाही. अशा पीसीवर डेबियन १२ बसते आणि तिची एलटीएस मुदत जून २०२८ पर्यंत आहे.